सोबत जोडले : एक व्हिडिओ

नाटकातली मुख्य भूमिका मला मिळाली आणि तो व्हिडिओ झाडून सगळ्या शाळेने पाहिला.

वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही झालेलंच नाही. आज सोमवार आहे, मी नववीत आहे आणि माझी अब्रू शाबूत आहे.

तर सोमवारी दुपारी ‘काळी सावली’ नावाच्या खात्यावरून मला मेसेज आला. फोटोत गॉगल लावलेलं मांजर. “शुक्रवारी बाराच्या आत नाटकाच्या निवडीतून नाव मागे घे. नाहीतर हा व्हिडिओ सगळी शाळा बघेल.”

व्हिडिओ सत्तेचाळीस सेकंदांचा. त्यात मी आरशासमोर उभी राहून, केसांचा ब्रश माईकसारखा धरून, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार स्वीकारतेय. रडतेय, तेही खरंखुरं. मग माझ्या पतीचे आभार मानतेय. पतीच्या भूमिकेत दाराला लटकवलेला रेनकोट. शेवटी मी त्याच्या बाहीचा मुका घेते.

हा व्हिडिओ चिमणीने, म्हणजे माझ्या जिवलग मैत्रिणीने, माझ्याच खोलीत काढला होता आणि “डिलीट केला गं, शप्पथ” असं सांगितलं होतं.

“मग हा बाहेर गेला कसा?” मी तिला फोनवर विचारलं.

“हॅक झाला असेल. आजकाल फ्रीजसुद्धा हॅक होतो.” मग म्हणाली, “घे ना नाव मागे. एका नाटकापायी कशाला जिवाला घोर?”

पण मला नाव मागे घ्यायचं नव्हतं. तीन वर्षांत मी अनुक्रमे झाड, दुसरं झाड आणि गर्दी अशा भूमिका केल्या होत्या. यंदा पहिल्यांदाच मला वाक्यं मिळायची शक्यता होती.

सिनेमात अशा वेळी मुलगी सगळं एकटीने सोसते आणि मागे व्हायोलिन वाजतं. आमच्या घरात खोल्या दोन, आणि आई दाताच्या दवाखान्यात मदतनीस. समोरच्याला तोंड उघडायला लावणं हा तिचा पेशा. मी सात मिनिटं टिकले.

“एवढंच?” आई व्हिडिओ पाहून म्हणाली. “मला वाटलं गणितात गचकलीस.”

बाबांनी चष्मा लावला. बाबा पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक लिपिक आहेत. आलेल्या कागदावर त्यांनी नंबर टाकल्याशिवाय तो कागद तिथून हलत नाही, आणि नंबर टाकल्यावरही सहसा हलत नाही.

“यात अर्जदाराचं नाव कुठाय?” त्यांनी विचारलं.

“बाबा, ही धमकी आहे!”

“असेल. पण अपूर्ण आहे.”

आणि त्यांनी माझ्याच फोनवरून उत्तर धाडलं : “आपली धमकी प्राप्त झाली. तथापि ती विहित नमुन्यात नसल्याने विचारात घेता येत नाही.”

सावलीने लिहिलं, “हा विनोद नाहीये!!!”

बाबांनी लिहिलं, “उद्गारचिन्ह एक पुरे.”

मी डोकं उशीत खुपसलं. मंगळवारी बाबांनी वहीच्या पानावर रेघा मारून धमकीचा नमुना तयार केला आणि त्याचा फोटो सावलीला पाठवला. बुधवारी सावलीने टाइप करून माहिती दिली. ती “हस्ताक्षरात हवी” म्हणून परत गेली. “नमुना पूर्ण आल्यास नाव मागे घेण्याचा विचार करू,” असंही बाबांनी कळवलं. शुक्रवार जवळ येत होता आणि घाई आता माझ्यापेक्षा सावलीला होती. बाबांच्या खिडकीशी दोनदा परत पाठवलेला माणूस तिसऱ्यांदा हट्टाला पेटून येतो, हा त्यांचा एकवीस वर्षांचा अनुभव.

गुरुवारी संध्याकाळी भरलेल्या नमुन्याचा फोटो आला. नाव : काळी सावली. पत्ता : अंधार. आणि कोपऱ्यात उजवीकडे, नऊ वर्षं प्रत्येक पेपरवर लिहून लिहून हाताला लागलेल्या सवयीने : इयत्ता नववी, तुकडी ब, हजेरी क्रमांक सतरा.

सतरा म्हणजे चिमणी.

“हीच ना ती, आपल्याकडे जेवायला असते?” आईने विचारलं. दुसऱ्या झाडाच्या वर्षी पहिलं झाड चिमणी होती. तिलाही पानं हलवायचा कंटाळा आला असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण बाबांनी त्याच रात्री मुख्याध्यापिकांना ई-मेलने रीतसर तक्रार केली. विषय, संदर्भ, सगळं. सोबत जोडले : धमक्यांच्या प्रती, भरलेला नमुना, सदर व्हिडिओ. प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी : सर्व वर्गशिक्षक. आणि आमच्या शाळेत कुठल्याही गोष्टीवर योग्य ती कार्यवाही म्हणजे ती वर्गाच्या ग्रुपवर टाकणे.

शुक्रवारी दहा वाजेपर्यंत सहाशे बारा जणांनी रेनकोट पाहिला होता. मी शाळेच्या ऑफिसातून बाबांना फोन लावला.

“व्हिडिओ कशाला जोडलात?”

“पुराव्याशिवाय तक्रार परत येते.”

“सगळ्यांना, बाबा?”

“प्रत द्यावी लागते गं...” मग बराच वेळ त्यांच्या मागचा शिक्का मारण्याचा आवाज येत राहिला. तोही थांबला. “नव्हता का जोडायचा?”

बाबांवर ओरडायला मी चार वाक्यं तयार ठेवली होती. ती तशीच ठेवून मी फोन खाली ठेवला.

बारा वाजता निवडीसाठी मी हॉलमध्ये गेले. मी तोंड उघडायच्या आत सगळे खिदळत होते. कुणीतरी ओरडलं, “जिजू कुठायत?” आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी बाईंच्या टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, माईकसारखी धरली आणि राहिलेलं भाषण पूर्ण केलं.

“मी माझ्या वडिलांची ऋणी आहे. त्यांच्या आवक-जावक विभागाशिवाय हा क्षण तुमच्यापर्यंत पोहोचलाच नसता. माझे पती आज येऊ शकले नाहीत. ते वाळत घातलेत.”

नाटकाच्या बाई हसता हसता खुर्चीवरून घसरल्या आणि खालूनच त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. चिमणीला आठ दिवस घरी बसवलंय. तिचा मेसेज आलाय, मी अजून उघडलेला नाही. बाबांच्या भाषेत, तो आवक झालाय, नंबर पडायचाय.

बाकी मी बाबांकडे पुढील अर्ज दाखल केला आहे, विहित नमुन्यात, दोन प्रतींत :

“महोदय, ज्या सहाशे बारा व्यक्तींनी सदर व्हिडिओ पाहिला आहे, त्यांनी तो पाहिलेला नाही, असे मागील सोमवारच्या तारखेने जाहीर करण्यात यावे; भूमिका मात्र अर्जदाराकडेच कायम ठेवावी; आणि तशा आदेशाची प्रत अर्जदारास, केवळ अर्जदारासच, देण्यात यावी, ही नम्र विनंती.”