माईक वाढवते हं

मी बोलतोय. इकडे, कपाटाच्या तळच्या खणात, जुन्या डस्टरांच्या शेजारी. डोक्यावर लोकरीचा मोजा घातलेला तो मी, भाषेच्या तासाचा माईक.

आजवर माझ्यासमोर सगळे बोलले, मी कधी तोंड उघडलं नाही. माईकनं स्वतः बोलायचं ठरवलं तर नुसतं कुईंऽऽ असं निघतं आणि लोक कानांवर हात ठेवतात. मग गप्प राहायची सवय लागली. आता कपाटाला कुलूप आहे, कान झाकायलाही कुणी नाही, तेव्हा म्हटलं, बोलून घ्यावं.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. तिथं बसलेली बाई प्रत्येक नवा माईक तोंडाशी धरून "हॅलो, एक, दोन, तीन" म्हणायची, बटण खाली करायची आणि त्याला खोक्यात टाकायची. मला वाटलं, माणसांना एवढंच येतं. तीनच्या पुढंही बोलण्यासारखं काही असतं हे कळायला मला शाळेतच यावं लागलं.

माझ्या बटणाला दोन बाजू आहेत, चालू आणि बंद. गंमत अशी की मला चालू करताना कुणी काही म्हणत नाही. काम संपलं की मात्र न चुकता कुणीतरी म्हणतं, "माईक बंद कर रे." माझ्या कानावर पडणारं शेवटचं वाक्य कायम हेच. ऐकून ऐकून ते माझं नावच असल्यासारखं वाटायला लागलं.

शाळेत मला मागवलं ते भाषेच्या बाईंनी. मुख्याध्यापकांना ते काही पटलेलं नव्हतं. "बाई, विज्ञानाचं मी समजू शकतो. भाषेला माईक कशाला? भाषेला खडू पुरतो."

"सर, खडूला ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या.

बाईंचं काम असं होतं. प्रत्येक मुलानं आपल्या घरातली एक खरी गोष्ट लिहायची, अगदी छोटी. ती स्वतःच्या आवाजात माझ्यासमोर सांगायची. दुसऱ्या कुणीतरी त्या गोष्टीसाठी कॉम्प्युटरवर चित्रं काढायची, फोटो जोडायचे. मग आवाज आणि चित्रं एकत्र करून त्याची फिल्म करायची आणि वर्षाच्या शेवटी आईवडलांना बोलावून दाखवायची. सांगणारा एक आणि चित्रं काढणारा दुसरा, हे बाईंनी मुद्दाम ठेवलं होतं. त्या म्हणायच्या, "आपण बोललो ते समोरच्याला काय दिसलं, हे एकदा बघा तरी."

नकाशे ठेवायच्या खोलीत जुनी ब्लँकेटं टांगून त्यांनी माझी जागा केली. 'प' आणि 'फ' आले की मुलांच्या तोंडातली हवा फाडकन माझ्यावर आदळायची, म्हणून घरून एक लहान मोजा आणून माझ्या डोक्यावर चढवला. "धुतलेला आहे," असं त्यांनी मुलांना तीनतीनदा सांगितलं. लोक पायात घालतात ते मी डोक्यावर मिरवतो. ज्याची त्याची हौस.

मला बघितलं की मुलांना काय व्हायचं कोण जाणे. मैदानावर चुरूचुरू बोलणारं पोर माझ्यासमोर उभं राहिलं की घसा खाकरायचं आणि सुरू करायचं, "माझे आजोबा अतिशय प्रेमळ आहेत." बाई हात वर करायच्या. "अरे, हा निबंधातला आवाज झाला. तो बाहेर चपलांशेजारी काढून ठेव आणि परत ये." पोरं खरंच बाहेर जाऊन परत यायची. आणि मग आजोबा घोरतात, भांडतात, बिस्किटं लपवून ठेवतात, असं सगळं बाहेर पडायचं.

हे सगळं माझ्यातून गेलं, पण माझ्यापाशी राहिलं काहीच नाही. आवाज माझ्यात शिरतो आणि वायरीतून कॉम्प्युटरमध्ये जाऊन पडतो. टाळ्या पडद्याला मिळतात. पंगतीतला वाढपी उपाशी राहतो, तशी माझी गत. मुलं गेली, दिवा गेला, की त्या ब्लँकेटांच्या मधे इतकी शांतता व्हायची की मला माझाच कंटाळा यायचा.

अशात ती यायला लागली. वर्गातले तिला पुटपुटी म्हणायचे. तास नसताना, डब्याच्या सुट्टीत, ती एकटीच यायची. माझी वायर तेव्हा कशालाच जोडलेली नसायची. तरी ती माझं बटण वर करायची, मोजा नीट करायची आणि हळू आवाजात सराव करायची. तिचं बोलणं कुठंच जाणार नव्हतं. पहिल्यांदाच कुणाचं तरी बोलणं माझ्यापाशी राहणार होतं, आणि मला फार बरं वाटलं.

पहिल्या दिवशी सराव संपल्यावर ती म्हणाली, "चल, वाढवते हं." मला वाटलं, आवाज वाढवतेय. मी सरसावलो. आणि तिनं बटण खाली केलं.

हे कोडं तिच्या गोष्टीनंच सोडवलं. तिच्या वडलांचं छत्र्या आणि बॅगा दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान कसलं, एक शटर आणि आत एक शिवणयंत्र. संध्याकाळी ते उठायचे, काड्या-दोरे आवरायचे आणि म्हणायचे, "चला, दुकान वाढवू या." आणि शटर ओढायचे. ज्यावर पोट चालतं त्याला 'बंद' म्हणू नये, अशी दुकानदारांची जुनी रीत. बंद म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून वाढवलं म्हणायचं. पुटपुटी लहानपणापासून तिथंच बसून अभ्यास करायची. दिवा असो, वही असो की माईक, ती सगळंच वाढवायची.

मग लोक बॅगा दुरुस्त करीनासे झाले. फाटली की टाकली, नवी आणली. एके संध्याकाळी वडलांनी दुकान वाढवलं ते पुन्हा उघडलंच नाही. आता ते एका गोदामात खोक्यांवर पत्ते चिकटवतात. घरी येतात, जेवतात, भिंतीकडे बघत बसतात. घरात दुकानाचं नाव कुणी काढत नाही. पुटपुटीला वाटत होतं, ही गोष्ट मोठ्या पडद्यावर लागली, बाबांनी ती चारचौघांत ऐकली, तर ते काहीतरी बोलतील. रागावले तरी चालतील, पण बोलतील. एवढ्यासाठीच तिचा सराव चालला होता.

चित्रांसाठी तिच्या वाट्याला आली चित्रगुप्त. कॉम्प्युटरवर ती पोरगी दिवसभर गुप्त व्हायची, म्हणून हे नाव. मनानं चांगली, हात तर विलक्षण. पण तिचे आईवडील दोघेही ऑफिसात जाणारे. त्यांचं ऑफिस संध्याकाळी सुटतं, कुणी ते वाढवत नाही. पुटपुटीनं तिला कागद दिला. वर लिहिलं होतं, 'बाबांनी दुकान वाढवलं.' खाली, 'त्या दिवशी बाबा लवकर घरी आले. आईनं चहा केला. कुणीच काही बोललं नाही, नुसते बसून राहिलो.'

चित्रगुप्तनं जीव ओतून चित्रं केली. दोन मजल्यांचं दुकान. काचेची दारं. आत रांगेनं टांगलेल्या रंगीबेरंगी छत्र्या, वर दिव्यांची पाटी, आणि दारात कमरेवर हात ठेवून हसणारे बाबा. शेवटच्या चित्रात घरचे चहा पीत होते, आनंदानं बोलती बंद झालेले.

"आवडली?" तिनं विचारलं. "दुसरा मजला मी माझ्या मनानं टाकला. वाढवलं म्हणजे तेवढं हवंच ना?"

मी तिथंच टेबलावर होतो. एका वाक्याचं काम होतं. पण पुटपुटी त्या हसणाऱ्या बाबांकडे बघत राहिली. किती दिवसांत तिनं ते हसू पाहिलं नव्हतं.

"छान झालीत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती बाईंबरोबर रेकॉर्डिंगला आली आणि वेगळीच गोष्ट सांगू लागली. दुकानाला आता दोन मजले आहेत, गिऱ्हाइकं रांग लावतात, बाबा खूश आहेत. अगदी निबंधातल्या आवाजात. बाईंना जरा खटकलं, पण गोष्ट आनंदाची होती. "वा, दुकान वाढवलं का? बाबांना मुद्दाम घेऊन ये हं," त्या म्हणाल्या. मला सगळं ठाऊक होतं. पण माझ्या तोंडून कुईं शिवाय काही निघत नाही, आणि कुईं म्हणजे काय हे कुणाला कळणार? त्या दिवशी जाताना ती बटणाला हात लावून थांबली, पण 'वाढवते हं' म्हणाली नाही.

कार्यक्रमाला आईवडील आले. मला मोठ्या खोलीत आणून कॉम्प्युटरला जोडलं होतं, फिल्मच्या आधी बाई दोन शब्द बोलायच्या म्हणून. पुटपुटीचे वडील अगदी मागं, दाराजवळ बसले. बोटांना गोंद वाळलेला होता, तो खरवडत होते.

तिची फिल्म लागली. पडद्यावर दोन मजली दुकान चमकलं आणि स्पीकरमधून तिचा आवाज आला, "माझ्या बाबांनी दुकान वाढवलं." वडलांनी मान वर केली. मग काचेची दारं आली, रांग आली, हसणारे बाबा आले. पुढच्या बाकावरचा एकजण वळून म्हणाला, "अरे वा, अभिनंदन." वडलांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. आपल्या मुलीनं आपली थट्टा केली की आपली लाज झाकली, हे त्यांना कळेना. ते उठले आणि दाराकडे वळले.

पुटपुटीनं फिल्म थांबवली. पडद्यावर बाबा हसतच राहिले. तिनं मला उचललं.

"हे असं नव्हतं," ती म्हणाली. "दारं काचेची नव्हती. शटर होतं. ते मधेच अडकायचं, मग बाबा लाथ मारायचे. वर मजला नव्हता, पत्रा होता. चित्रं चांगली आहेत, तिची काही चूक नाही. मीच सांगितलं नाही." मग तिनं श्वास घेतला, तो मोज्यातूनही मला लागला. "बाबांनी दुकान बंद केलं."



"बंद नाही म्हणायचं, बाळा," दारातून आवाज आला. "वाढवलं म्हणायचं."

"मग वाढवलं म्हणजे बंद?" चित्रगुप्तच्या तोंडून निघून गेलं.

"बंदच. पण उद्या उघडायचं असतं ना, म्हणून तसं म्हणायचं नाही."

बाईंनी मला पुटपुटीच्या वडलांकडे नेलं. त्यांनी मला हातात घेतलं, उलटं केलं, आणि बोलायचं सोडून माझी मान तपासली. "ही वायर मुळाशी मोडत आलीय," ते म्हणाले. लोक हसले, तेही थोडे हसले. मग मला तोंडाशी धरून म्हणाले, "दुकानाचं पोरीनं सांगितलंच आहे. एक निळी छत्री राहिलीय माझ्याकडे, लाकडी मुठीची. दुरुस्त झालीय. कुणाची असेल तर घेऊन जा. पैसे नकोत."

कुणी उठलं नाही. ते थोडा वेळ वाट बघत राहिले. मग त्यांनी मला पुटपुटीच्या हातात दिलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

हे कुठंच रेकॉर्ड झालेलं नाही. कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डिंगचं बटण त्या वेळी कुणी दाबलेलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून मेण लावलेला काळा दोरा आणला आणि माझ्या मानेला गच्च गुंडाळून दिला. पुटपुटी शेजारी बसली होती. काम चालू असताना ते तिला सांगत होते, वेढे कसे घ्यायचे, गाठ आत कशी दडवायची. बापलेक बराच वेळ बोलत होते. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

पुटपुटी पुढं शाळेतून गेली. जाताना एकदा आली, वायर सैल गुंडाळली, म्हणाली, "वाढवते हं." त्यानंतर असं कुणी म्हणालं नाही. बाईंची बदली झाली. नव्या बाई चांगल्या आहेत. त्यांच्याकडे टॅब आहेत, त्यात दाण्याएवढा माईक असतो म्हणे, दिसतसुद्धा नाही. मुलं अजून गोष्टी सांगतात, भिंतीपलीकडून मला पुसटशा ऐकू येतात. निबंधातला आवाज लागला की मी ओळखतो, पण चपलांशेजारी काढून ठेव म्हणणारं कुणी नाही.

कपाट आवरताना शिपायानं मला उचलून विचारलं होतं, "हा बंद आहे का, बाई?" बाई कामात होत्या. "बंदच असेल, ठेवून द्या," म्हणाल्या. आणि दार लागलं.

तक्रार नाही माझी. मानेचा दोरा अजून घट्ट आहे, बटणही वर-खाली होतं. फक्त एक मागणं आहे. पुढंमागं कुणी कपाट उघडून विचारलंच, की हा मोजा घातलेला कोण, तर मी बंद पडलोय असं सांगू नका. वाढवलाय म्हणा.