लवंगेचं कडं

"आज लवंग की लसूण?" सून दारात येताच सासऱ्यांनी विचारलं.

तिच्या हातांना रोज नवा वास यायचा. ती अन्नाच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. मसाल्यांचे अर्क काढायचे, जंतू वाढवलेल्या बशीत अर्कात भिजवलेला कागदाचा ठिपका ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती किती जंतू मेले ते बघायचं, हे तिचं काम. नवरा म्हणायचा, पगार प्रयोगशाळेचा आणि वास वाण्याचा.

सासरे पूर्वी वसतिगृहात आचारी होते. एकदा त्यांचा रस्सा खाऊन मुलं आजारी पडली, दवाखान्यात गेली. बरी होऊन परत आली, पण सासऱ्यांनी पुन्हा पळीला हात लावला नाही. खोट पाण्यात होती, असं मात्र ते ज्याला त्याला सांगत. रश्श्यात मूठभर लवंग होती, मग तो रात्रभर विझलेल्या चुलीवर राहिला म्हणून काय बिघडलं? लवंगेपुढे काही टिकत नाही, हे त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवलेलं. सून या कामाला लागल्यापासून त्यांची एकच भुणभुण होती: लवंग तपासून बघ.

आज तिने मोबाइलवर फोटो दाखवला. बशीभर जंतूंचा पांढुरका थर आणि लवंगेच्या ठिपक्याभोवती स्वच्छ गोल कडं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

इथेच थांबून वेळ मारून नेता आली असती. पण तिचा त्यांच्यावर जीव होता; अर्धंच खरं सांगवेना. ती त्यांच्याशेजारी बसली.

"बाबा, हे बशीतलं झालं. आम्ही रश्श्यातही घालून बघितलं. चरबीत लवंगेचा जोर उरत नाही. रस्सा बाहेर राहिला की जंतू वाढतातच."

"मूठभर घातली तरी?"

"तरी."

त्यांनी मोबाइल बाजूला सारला.

"म्हणजे माझंच चुकलं."

"तुम्हाला शिकवलं तेच तुम्ही केलंत, बाबा."

"खाल्लं तर पोरांनी ना," ते म्हणाले.

रात्री जेवणं झाली. थोडा रस्सा उरला होता. सून तो उचलायला गेली, तर सासरे आधीच ओट्यापाशी उभे होते. कित्येक वर्षांनी. त्यांनी तो पसरट भांड्यात ओतला, गार होईस्तोवर शेजारी स्टुलावर बसून राहिले आणि मग फ्रिजमध्ये ठेवला. दार लावलं. नीट लागलं का, ते पुन्हा ओढून बघितलं.