नाव झाकलेली प्रत

केशोरीच्या शिवारात भाताच्या रोवणीची गाणी म्हणावीत तर सुशिलाबाईनंच, असं रुक्माबाई चारचौघींत सांगायची. नणंदेचं असं कौतुक करणारी भावजय विरळाच. सुशिलाबाई भर तारुण्यात विधवा होऊन माहेरी, मेश्रामांच्या घरात परतली होती आणि माहेरचंच आडनाव लावायची. भावजयीच्या जोडीनं ती भातखाचराच्या, म्हणजे बांधीच्या चिखलात पऱ्ह्याची कोवळी रोपं रोवायला वाकली आणि वाकल्या वाकल्या एक कडवं तिनं स्वतः जुळवलं:

एका बांधीचा पऱ्हा दुसऱ्या बांधीत रोवला,
परत आला माहेरा, कोणी नाही ओळखला.

रुक्माबाईचा मुलगा संघदीप गोंदियाच्या कॉलेजात शिकवायचा. त्यानं या गाण्यांवर लेख लिहून एका संशोधन पत्रिकेकडे धाडला. सुशिलाबाई तेव्हा अंथरुणाला खिळली होती.

"आत्या, तुह्यं नाव छापून येते आता," तो म्हणाला.

"माह्यं?" ती हसली. "रेशन कार्डावर बी धड नाही माह्यं नाव. वयनी, तुले वाचता येते, तूच पाय मंग."

रुक्माबाई उतारवयात साक्षरतेच्या वर्गात बसून अक्षरं शिकली होती. "पायतो न. खोटं निंघालं तं याचा कान पिळतो."

पत्रिकेला मात्र घाई नव्हती. संपादक लेख दोन जाणकारांकडे पाठवतो, असं संघदीपनं आईला समजावलं. लेख कोणाचा हे त्यांना कळू द्यायचं नाही, म्हणजे ते ओळखदेख न बघता पारख करतात. गाणारीचं आडनाव मेश्राम दिसलं की लेखकाचाही माग लागेल, म्हणून त्यानं आपल्याबरोबर आत्याचंही नाव झाकलं. त्या जागी लिहिलं, 'एक वृद्ध रोवणारी'.

"काऊन? तिनं का चोरी केली?"

"लेख पास झाला का तिचं नाव परत टाकतो न, माय."

बरेच महिने गेले. एका जाणकारानं लेख चांगला म्हटला. दुसऱ्यानं पानभर शंका काढल्या आणि शेवटी विचारलं, हे कडवं परंपरेतलं वाटत नाही, कोणा एकीच्या जगण्यातून आलेलं दिसतं; ही बाई कोण?

रुक्माबाईनं नणंदेच्या कानाशी तोंड नेलं. "सुशिला, कोनी तरी मोठा मास्तर इचारून राहिला, तू कोन म्हून."

सुशिलाबाईचे ओठ जरा हलले. त्याच आठवड्यात ती गेली.

अंक आला तेव्हा धान निसवला होता. रुक्माबाई ओट्यावर बसून एकेका ओळीवर बोट फिरवू लागली. वर संघदीपचं नाव होतं. कडवं सापडलं. त्याच्याखाली होतं, एक वृद्ध रोवणारी. तिनं पुन्हा पहिल्या पानापासून बोट फिरवलं.

संघदीपनं अंक पाहिला आणि धाडलेली प्रत काढून ताडून बघितली. शंकांना उत्तरं देताना त्यानं नाव झाकलेल्या प्रतीवरच सगळ्या दुरुस्त्या केल्या होत्या; ही बाई कोण, याचं उत्तर तेवढं छापताना नाव घालू म्हणून राखून ठेवलं होतं. मंजुरी आली, तसं आनंदाच्या भरात त्याच प्रतीवर आपलं नाव चढवून ती धाडून दिली.

"पुढच्या अंकात दुरुस्ती देतीन, माय."

कान पिळायला तिचा हात उठला नाही. ती म्हणाली, "त्या दुसऱ्या मास्तरनं इचारलं होतं न? त्याले तं चिठ्ठी लिव. सुशिला होती म्हनाव."

"तो कोन, मले ठाऊक नाही. त्याहिचंबी नाव आपल्यापासून झाकतेत. छापून झाल्यावर बी संपादक सांगत नाही."

रुक्माबाईनं अंक मिटून मांडीवर ठेवला.

"एवढं इचारलं बिचाऱ्यानं," ती पुटपुटली, "अन् त्याले सांगाले कोनी नाही."