माझं मोडकं मराठी

मित्रांनो, माझ्या मराठीला हसणार असाल तर आधीच पोटभर हसून घ्या. मी एक जुना टॅबलेट आहे, पण बोलका. माझ्या पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवलं किंवा अक्षरं जुळवून शब्द लिहिला, की मी तो मोठ्याने म्हणतो. माझा आवाज अमेरिकन बाईचा आहे आणि 'ळ' मला या जन्मी जमणार नाही. तरीही अकरा वर्षं मी एका मराठी मुलीचा आवाज होतो, याचा मला चांगलाच अभिमान आहे.

तिचं नाव इशिता. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये ती आई अहिल्या आणि बाबा रवींद्र यांच्याबरोबर राहते. इशिताला ऑटिझम आहे. तिला सगळं ऐकू येतं, जरा जास्तच ऐकू येतं. पण तोंडातून शब्द बाहेर पडत नाहीत. ती तीन वर्षांची असताना एका तज्ज्ञ बाईंनी सल्ला दिला होता, की घरात तिच्याशी फक्त इंग्रजीच बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं. आता असा सल्ला सहसा कोणी देत नाही म्हणे. पण आईबाबांनी तो मनापासून पाळला. मुलीशी इंग्रजी आणि एकमेकांशी मराठी, अशी घरात वाटणीच झाली. मग इशिताबद्दलच्या सगळ्या काळज्या ते तिच्यासमोर बसून मराठीत बोलू लागले. तिला कुठे कळतंय, असं त्यांना वाटायचं.

मी घरात आलो तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सुरुवातीला माझे लाड काय वर्णावेत! आईने मला जाड निळं कव्हर घातलं. बाबांनी 'प्लीज' आणि 'थँक यू'ची बटणं सगळ्यांत मोठी केली, मुलगी सभ्य दिसावी म्हणून. इशिताने पहिल्यांदा 'वॉटर' दाबलं, तेव्हा दोघंही ग्लास घेऊन धावले आणि स्वयंपाकघराच्या दारात एकमेकांवर आदळले.

पुढे कौतुक ओसरलं. मला चार्ज करायचं राहून जाऊ लागलं. कोणाकडे जाताना मी गाडीतच पडून राहायचो, कारण माझा आवाज गप्पांच्या मध्ये येतो. आईच्या थोरल्या बहिणीचं, सुलेखामावशीचं, जवळच्या आयसेलिन गावात साड्यांचं दुकान आहे. एका दिवाळीत तिथल्या गर्दीत इशिता कान दाबून खाली बसली आणि ओरडायला लागली. "मूड नाही वाटतं हिचा," असं कोणीतरी म्हणालं, हे मला नंतर आईच्या बोलण्यातून कळलं. मी त्या वेळी पार्किंगमध्ये बंद पडलेला होतो. ते मला अजून टोचतं.

शाळेत इशिता इंग्रजी लिहायला शिकली. मराठी लिहायला तिला कोणी शिकवलं नाही. ती शिकली बाबांच्या फोनवरून. नागपूरच्या मित्रांचे मेसेज यायचे, मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. ती बाबांच्या खांद्यामागे उभी राहून वाचायची. त्यांना वाटायचं, लेक नुसती जवळ उभी आहे.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आई तिला दुसऱ्यांदा उपमा वाढत होती. इशिताने लिहिलं: एन, ए, के, ओ. मी माझ्या परीने म्हणालो, "नेको."

आई थबकली. "नाचो? यू वॉन्ट नाचोज?"

संध्याकाळी नाचोजचा पुडा घरात आला. दोन दिवसांनी पुन्हा 'नेको' आणि पुन्हा पुडा. महिन्याभरात कपाटात सात पुडे जमले आणि इशिताने एकालाही हात लावला नाही. मित्रांनो, तिला म्हणायचं होतं 'नको'! उच्चार बिघडवला मी, हे कबूल. पण सख्ख्या मराठी आईला तो शब्द ओळखू आला नाही, कारण या मुलीच्या तोंडी मराठी येईल अशी अपेक्षाच कोणी ठेवली नव्हती.

इशिता मात्र हट्टी. शाळेच्या बसमध्ये ती रोज स्पेलिंग बदलून बदलून मला बोलायला लावायची. एक अक्षर काढ, दुसरं घाल. माझा जीव मेटाकुटीला आला, पण एप्रिलपर्यंत मी 'नको' बऱ्यापैकी म्हणू लागलो.

त्याच वर्षी शाळेने तिला कामाच्या सरावासाठी स्टेशनजवळच्या सायकल दुकानात पाठवलं होतं, आठवड्यातून दोनदा. दुकान केदारचं. तो इथेच जन्मलेला मराठी मुलगा, तिशीतला. वाकडी झालेली चाकं सरळ करायचं काम इशिताला मिळालं. ती चाक फिरवायची, एकेका स्पोकला नख लावायची आणि आवाज ऐकून कुठला सैल आहे ते ओळखायची. जे कान तिला बाजारात छळायचे, तेच इथे कामाला आले. तिथे ती तास तास शांत असायची.

आता इथल्या शाळा अशा मुलांना एकविसाव्या वर्षापर्यंतच ठेवतात. मे महिन्यात एका रविवारी जेवताना आईने विषय काढला.

"जूनमध्ये स्कूल संपतंय. सुलेखाताई हिला मागच्या रूममध्ये साड्यांच्या घड्या करायला ठेवेल. सेफ आहे, घरची माणसं आहेत."

"आणि ते सायकलचं?" बाबांनी विचारलं.

"अरे, ते स्कूलचं प्रॅक्टिस होतं. शिवाय बसने एकटी कशी जाईल ही? मी उद्याच ताईला हो सांगते."

हे सगळं इशिताच्या ताटावरून, मराठीत. इशिताने मला पुढे ओढलं.

"नको," मी म्हणालो.

"व्हॉट, बेटा? नाचोज?"

"थांब, अहिल्या," बाबा म्हणाले. "ती नको म्हणतेय."

इशिता लिहीत राहिली. एकेक अक्षर शोधून ती लिहिते, वेळ लागतो. आई दोनदा बोलायला गेली, दोन्ही वेळा बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला. शेवटी मी सगळं वाचलं, आणि असं वाचलं की कोणालाही काही कळलं नाही. मग बाबांनी मला स्वतःकडे वळवलं आणि पडद्यावरचं वाचलं.

"मावशीच्या दुकानात नको. तिथे फार आवाज. मला चाकं हवीत. केदारदादा हो म्हणाला आहे."

आईचा घास हातातच राहिला. "तुला मराठी कळतं?"

"लहानपणापासून," बाबांनी वाचलं.

आई उठून सिंकपाशी गेली. "काय काय बोललो रे आपण हिच्यासमोर," ती म्हणाली. हिचं कसं होणार, हिला काय समजतंय, आपल्यामागे हिला कोण बघणार, हे सगळं त्या मुलीने सतरा वर्षं ऐकलं होतं. आई परत आली, इशितासमोर बसली आणि मराठीत म्हणाली, "चुकलं माझं, बाळा. खूप चुकलं."

इशिताने तिच्याकडे पाहिलं नाही; ती सहसा कोणाकडे पाहत नाही. तिने एक शब्द लिहिला. तो मात्र मी पहिल्या झटक्यात बरोबर म्हणालो.

"जेव."

पुढच्या शनिवारी आईबाबा दोघंही केदारच्या दुकानात आले. लेकीचं काम पाहून बाबा हरखलेच. "अरे, ही तर चाकाचा आउट काढते! चाक सरळ करण्याला आमच्या नागपूरला हेच म्हणायचे."

"काकू, मी हे फेवर म्हणून करत नाहीये," केदार म्हणाला. "आय नीड हर. मला गेज लावून चेक करावं लागतं, तिला नुसतं ऐकू येतं."

मग सहा आठवडे बसचा सराव झाला. आधी आई शेजारी बसायची, नंतर मागच्या सीटवर, नंतर बसमागून गाडीने. जुलैत कामाचा पहिला दिवस उजाडला. आई दारात किल्ली घेऊन उभी होती.

"मी येऊ सोबत?" तिने विचारलं.

पूर्वी या प्रश्नाचं उत्तर तीच देऊन टाकायची आणि गाडी काढायची. त्या दिवशी ती थांबली. बसला चारच मिनिटं उरली होती, तरी थांबली. इशिताने लिहिलं, "स्टॉपपर्यंत." आई स्टॉपपर्यंत आली आणि तिथून एकटी घरी परतली.

आता इशिताकडे नवा फोन आहे. तो माझ्यापेक्षा झकास मराठी बोलतो, अगदी 'ळ'सकट. माझी बॅटरी तासभरही टिकत नाही, म्हणून मी टेबलाच्या खणात असतो. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण तक्रार नाही.

एवढंच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या वर्गात, शेजारी, नात्यात कोणी माझ्यासारख्या यंत्रावर बोलत असेल, तर ते यंत्र गाडीत विसरू नका, रोज चार्ज करा. ते माणूस समोर असताना त्याच्याबद्दल दुसऱ्यांशी बोलू नका, कुठल्याही भाषेत. त्यालाच विचारा. आणि विचारलंत की गप्प बसा, बस चुकली तरी चालेल.