फिरवलेली फळी

हॉल खचाखच भरला होता. व्यासपीठावर एका मुलाची पाठ सरळ झाली आणि टाळ्यांनी कानठळ्या बसल्या. "पाहिलंस?" ताईनं माझा दंड घट्ट धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकत होती. हाडांच्या डॉक्टरांना वर्षानुवर्षं जे जमत नाही, ते हा माणूस एका फुंकरीत करतो, आणि तेही पाठीला हात न लावता!

लोक त्याला सरळगुरू म्हणत.

माझ्या बारा वर्षांच्या भाचीला स्कोलिओसिस आहे. तिचा कणा एका बाजूला वळलाय, त्यामुळे उजवा खांदा वर दिसतो. डॉक्टरांनी कमरेपासून काखेपर्यंतचा ब्रेस दिला होता. "यानं पाठ सरळ होईलच असं नाही, पण उंची वाढायच्या या वर्षांत वाक वाढू नये म्हणून घालायचाच," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. ताईला ते स्वच्छ बोलणंच खुपलं. सरळगुरू मात्र छातीठोकपणे सरळ करून देत होता. अट एकच: ब्रेस कायमचा सोडायचा. ताईनं तो दारातच शिष्याच्या स्वाधीन केला होता.

भाचीची पाळी आली. गालिचा गुंडाळलेल्या फळीवर तिला पाठमोरी उभी केली. दोन शिष्यांनी तिच्या खांद्यांमागे आडवी दोरी ताणली. उजवा खांदा दोरीच्या चांगलाच वर होता.

"आईच्या काळजीचं ओझं लेकीच्या पाठीवर बसतं!" सरळगुरू गरजला. "हे बघा, इथं बसलंय!"

ताईनं पदरात तोंड लपवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"आता दिशा बदलू. ओझं उतरेल." त्यानं मुलीला उतरवून फळी फिरवली आणि तिला पुन्हा तशीच पाठमोरी उभी केली. "गुडघे ताठ!" मग एक लांबलचक फुंकर. दोन्ही खांदे दोरीला लागले. "वर्षभर वाकायचं नाही हं बाळ. वाकलीस की ओझं परत चढलं!"

मला इथंच खटकलं. डॉक्टर तर तपासताना आधी वाकायलाच सांगतात. मी तडक वर गेलो.

"मामा," भाची कुजबुजली, "फळी तिरकी आहे. आधी उजवा पाय उंचावर होता, आता डावा."

"मग बोलली का नाहीस?"

"आई किती खूश झाली होती!"

मी ताईलाच वर बोलावलं. "मोठ्यांवर ही शक्ती चालत नाही," सरळगुरू घाईघाईनं म्हणाला.

"शक्ती राहू द्या. ती नुसती उभी राहील."

ताई फळीवर चढली. तिचा डावा खांदा वर गेला. फळी फिरवली, उजवा वर गेला. पाठीचं कधीच काही दुखणं नसलेली माझी बहीण दोन मिनिटांत दोन्हीकडून वाकडी झाली! मी गालिचा ओढून काढला. फळी एका कडेला जाड, दुसरीकडे पातळ. आधी वाकडेपणा वाढवून दाखवायचा, मग झाकायचा, एवढीच ती शक्ती.

"आता तू वाक," मी भाचीला म्हणालो. ती जमिनीवर उभी राहून वाकली आणि पाठीची उजवी बाजू नेहमीसारखीच उंच वर आली. कणा बाजूला वळतो तसा पिळलाही जातो, बरगड्यांना सोबत ओढतो. वाकल्यावर ते लपत नाही. म्हणून तर वाकायला बंदी!

ताईनं त्या उंचवट्यावर हात ठेवला. "माझ्यामुळे झालं का गं हे?"

"नाही गं आई. डॉक्टर म्हणाले ना, बहुतेक मुलांत कारण सापडतच नाही."

"अविश्वासानं शक्ती निघून गेली!" असं ओरडत सरळगुरूही मागच्या दारानं निघून गेला. ताईनं शिष्याकडून ब्रेस हिसकावला आणि तिथंच मुलीला घालून पट्टे आवळले.

तुमच्या मुलाचा एक खांदा वर दिसला, तर त्याला पुढं वाकवून पाठ बघा आणि डॉक्टरांकडे न्या. ते कदाचित सरळ करून देण्याचं वचन देणार नाहीत. ते खरं बोलतात म्हणून त्यांच्यावर रागावू नका. तुम्ही टाळ्या वाजवत बसलात, तरी मुलाचं हाड आणि त्यासोबत त्याचा वाक वाढायचा थांबत नाही.