बेटावरचा इजहार

परतूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो फोटो सकाळपासून फिरत होता. ग्रीसमधल्या कुठल्याशा छोट्या बेटावर एका शिल्पकाराच्या नावानं चार खोल्यांचं म्युझियम आहे. त्यानं ज्यांचे चेहरे घडवले, त्यांचे नातेवाईक म्युझियमवाले शोधत होते. एका संगमरवरी म्हाताऱ्याखाली लिहिलं होतं : इजहार, परतूर, भारत. हा इजहार शिल्पकाराकडे कित्येक वर्षं दगड कापायला होता. काही वर्षांपूर्वी वारला.

लायबानं फोन दादीपुढं धरला. "दादी, हे आपले दादाच का?"

बदरुन्निसानं चष्मा पुसला, पुन्हा पुसला. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात कधी तोंडातून काढलं नव्हतं, पण ती डाव्या भुवईतली खाच कशी विसरणार? मालवाहू जहाजावर भांडी घासायला गेला, जहाज बुडालं, तोही गेला, असं कळलं तेव्हा लेक याकूब रांगत होता. तिनं विधवेची इद्दत पाळली, शिवणयंत्रावर पोराला वाढवलं. स्वप्नात नवरा यायचा तो ऐन जवानीतलाच. म्हातारी होत गेली ती एकटीच. आणि हे गृहस्थ तिकडं टक्कल पडेपर्यंत खुशाल जगले!

"मला कळवायला काय झाल्तं?" ती त्या दगडावर खेकसली. मग त्याच दगडाच्या गालावरून अंगठा फिरवायला गेली, तर फोटो सरकून नाहीसा झाला. "आण, परत आण!" ती घाबरून ओरडली.

लायबानं म्युझियमला इंग्रजीतून विचारलं. संध्याकाळी उत्तर आलं आणि ते वाचून पोरीचा चेहराच उतरला.

"बोल की. काय म्हणून राह्यले?"

"दादी, म्युझियम सांभाळणारी बाईच दादांची बीवी हाय. त्यांनी गावाकडचं तिला कधीच काही सांगितलं न्हाई म्हणती. तुम्ही त्यांच्या कोण, विचारून राह्यली."

निकाहनामा अजून पेटीत होता. हक्क सांगायचा तर आत्ताच. पण त्यांना खोकला होता का, कधी रडायचे का, शेवटी पाणी कुणी पाजलं, हे साऱ्या दुनियेत त्या एका बाईलाच ठाऊक होतं.

"लिही," ती म्हणाली, "बहीण हाय म्हणून."

"दादी!"

"बीवी म्हणलं तर ती तोंड शिवून बसंल. बहिणीला सगळं सांगंल. जल्दी लिही. पहिलं विचार, जेवत बराबर होते का."