आरोपीचा जिना

न्यायालय नव्या जागेत गेले, जुनी इमारत वारसा वास्तू ठरली. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पट्टेवाल्याचे कुटुंब तेवढे उरले. तो वारल्यावर मुलाला राखणदारी मिळाली. मांडीचे हाड मोडल्यापासून पट्टेवाल्याची बायको खाली उतरलेली नव्हती.

तिच्या डोळ्याचे ऑपरेशन या महिन्यात झाले नाही, तर उरलेली नजरही जाणार होती. पुढचा मोठा जिना वाळवीने पोखरला म्हणून पुरातत्त्व खात्याने फळ्या ठोकून बंद केला होता. खोल्यांचा लोखंडी जिना गोल. तिला बसवून उचललेली खुर्ची पहिल्याच वळणावर अडकली. कठडा कापायला परवानगी मिळाली नाही.

"मग आरोपीच्या पिंजऱ्यामागचा आहे की," सून म्हणाली. "सरळ, रुंद. दोन शिपाई आणि मधे आरोपी, तिघे शेजारी शेजारी उतरायचे."

सासूबाईंनी तोंड फिरवले. सुटलेला माणूस पुढच्या दाराने, सगळ्यांच्या देखत जायचा. शिक्षा झालेला या जिन्याने थेट गाडीत. पुकारा करणाऱ्या त्यांच्या नवऱ्याने जन्मभर तिथे पाऊल टाकले नाही.

"आंधळी होईन, पण तिकडून नाही. मी कुणाचं काय चोरलंय?"

"आई, बघायला कोण बसलंय तिथं?"

"मी बसलेय ना!"

"ऑपरेशन चुकलं की तेही मिटेल," सून म्हणाली.

सासूबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "फार जीभ चालते तुझी. उचला."

मुलगा आणि सून खुर्ची घेऊन तळाशी पोचले, तेव्हा मुलाच्या लक्षात आले: दाराला आतून कडीच नव्हती. आरोपीला ती कशाला? मुलगा परत वर जाऊन, गोल जिन्याने वळसा घालून बाहेरून उघडायला धावला.

अंधारात सासूबाईंनी दार चाचपले. एका जागी लाकूड गुळगुळीत झाले होते.

"इथं टेकून उभे राहत असतील गं. इथून गेलेला कुणी परत वर आला असेल?"

"अपिलात आले असतील की."

त्या हसल्या, पण सुनेचे मनगट त्यांनी सोडले नाही.

बाहेरून मुलगा ओरडला, "आई, कडी गंजलीय. तोडावी लागेल. परवानगीशिवाय हात लावला तर नोकरी..."

"तोड म्हणते ना!" सासूबाईंनी दारावर मूठ आपटली. "विचारलं तर सांग, आईनं तोडली. शिक्षा मी भोगते."

बाहेर दगड उचलल्याचा आवाज आला. मग पहिला घाव पडला.